मावशी रागावली नाही त्या दिवशी

माझ्या थोरल्या बहिणीला सगळं बंदर मावशी म्हणतं. तिच्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठे, तोंडात औषधालाही दात उरलेला नाही असे बाप्येसुद्धा तिला मावशीच म्हणतात, आणि तीही त्यांना बिनदिक्कत "काय रे" म्हणते. तिला ताई म्हणणारा मी एकटा. सख्खा भाऊ म्हणून माझा मान तो एवढाच. बोलणी खाण्याच्या बाबतीत मी आणि बंदर सारखेच.

ताई तटरक्षक दलाच्या चौकीत रेडिओवर बसते. धक्क्याच्या टोकाला दुमजली इमारत आहे, तिच्या वरच्या मजल्यावर तिची खोली. खारं वारं लागून खिडकीच्या काचा कायम धुरकट. टेबलावर रेडिओ, रेडिओवर तिनं स्वतः विणलेला रुमाल, शेजारी चहाचा थर्मास आणि चष्म्याची डबी. खुर्चीचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. ती घडी सरकली की शिपायाची काही खैर नसते.

रोज सकाळी होड्या मासेमारीला निघाल्या की ताई एकेकाला नावानं हाक मारायची. नावानं म्हणजे टोपणनावानं. "ए टकल्या, किती लांब गेलास? बायकोला सांगून गेलास का? नाही ना? मग तिला काय मी सांगू?" पलीकडून टकल्या काहीतरी पुटपुटायचा. मग पुढचा. कुणाचं इंजिन धूर ओकतंय, कुणी लाइफ जॅकेट उशाला घेऊन झोपतं, कुणाचा जावई रुसून बसलाय, सगळा पंचनामा उघड्या रेडिओवर व्हायचा. अर्ध्या गावाच्या घरांत स्वयंपाक करताना तोच कार्यक्रम लागलेला असायचा. आपल्या नवऱ्याला मावशीनं झापलं की बायका समाधानानं गॅस बारीक करायच्या.

मी शाळेत परकी भाषा शिकवतो. मुलांना ती येत नाही हा भाग वेगळा.

तर गोष्ट अशी की अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण आमच्या देशाचा किनारा मात्र अंथरुणाबाहेर पसरलेला आहे. लांबच लांब किनारा आणि राखायला चार जुन्या बोटी, त्यातल्या दोन कायम दुरुस्तीला. चोरटं डिझेल कुठून येतं, परक्या मोठ्या बोटी आमचे मासे कधी ओरबाडून नेतात, कुणाला पत्ता लागायचा नाही. म्हणून चार देशांनी मिळून मदत करायचं ठरवलं. एकानं डोंगरावर रडार आणि उंच मनोरा उभा करून दिला. दुसऱ्यानं दोन नव्या गस्ती बोटी दिल्या. तिसऱ्यानं त्या बोटींचे सुटे भाग दिले, ते पहिल्यांदा चुकून दुसऱ्याच बंदरात गेले. चौथ्यानं शिकवायला माणसं पाठवली. आमच्या चौकीच्या वाट्याला आल्या त्या एक बाई. उंच, पिकल्या केसांच्या, स्वतःच्या देशात तीस वर्षं समुद्रावर काढलेल्या. त्यांचं नाव कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्यांना पाहुणी म्हणू लागले.

पाहुणीला दुभाषी हवा होता. ताईनं चौकीच्या साहेबांपुढे मला उभं केलं आणि म्हणाली, "हा माझा भाऊ. दिसतो तेवढा बावळट नाही." तीच माझी शिफारस आणि तीच माझी मुलाखत.

पहिल्या दिवशी पाहुणी ताईच्या शेजारी स्टूल घेऊन बसली आणि मी दोघींच्या मध्ये. ताई नेहमीप्रमाणे सुरू झाली. पाहुणीनं मला विचारलं, "त्या काय सांगताहेत?" ताई त्या वेळी टकल्याला सांगत होती, की तुझ्या डोक्यात जेवढा मेंदू आहे तेवढा माझ्या मांजराच्या शेपटीत आहे, भरतीची वेळ बघून नांगर टाकायला काय होतं? मी म्हणालो, "त्या भरतीच्या वेळेची माहिती देताहेत." पाहुणीनं माझ्याकडे बघितलं, मग ताईच्या तोंडाकडे बघितलं, आणि म्हणाली, "माहिती बरीच सविस्तर दिसते." बाई पोचलेली होती. त्या दिवसापासून मी खरं भाषांतर करायला लागलो.

नव्या व्यवस्थेत रेडिओवर बोलायची ठरीव वाक्यं होती. टोपणनाव नाही, होडीचा क्रमांक. चौकशी नाही, सूचना. वाक्य संपलं की बटण सोडायचं आणि गप्प बसून ऐकायचं. रडारवाल्या नव्या खोलीत ताईची खुर्ची राहणार की नाही, ते यावरच ठरणार होतं. चारही देशांची जहाजं येऊन एक संयुक्त सराव होणार होता. त्यात ताई पाहुणीच्या परीक्षेला उतरली तर नवी खोली तिची. नाही उतरली तर भांडारात बदली. भांडार म्हणजे तळमजल्यावर दोर, रंगाचे डबे आणि गंजलेल्या साखळ्या. निवृत्तीपर्यंत त्यांच्याशी गप्पा.

"साखळ्यांना काय झापणार मी?" ताई घरी म्हणाली.

"त्या उलट उत्तर देत नाहीत, तेवढंच सुख," भाऊजी म्हणाले. ताईचा नवरा न्हावी आहे. गावभरच्या माना त्यांच्या हातात, पण घरात मान खाली घालूनच असतात. ताईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून वस्तऱ्याला धार लावायला गेले.

ताई हट्टाला पेटली. मरेन पण तो पोपटासारखा पाठ केलेला मजकूर म्हणणार नाही, असं तिनं जाहीर केलं. मी समजावलं, साहेबांनी समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी पाहुणी म्हणाली, "मी यांना काही समजावणार नाही. फक्त एक ऐकवते."

डोंगरावरच्या नव्या मनोऱ्याचे कान तिखट होते. आमच्या जुन्या रेडिओला जे ऐकू यायचं नाही, तेही तो टिपून ठेवायचा. पाहुणीनं आठवड्यापूर्वीची एक सकाळ लावली. ताईचा आवाज खोलीत घुमला. ती कुणालातरी जॅकेटवरून सोलून काढत होती. मला हसू आलं. पाहुणीनं बोट वर केलं. ताई बटण न सोडताच श्वास घ्यायला थांबली होती, तेवढ्या फटीत एक बारीक आवाज आला, "मावशी, इंजिन बंद पडलंय." लगेच त्यावर ताईचं पुढचं वाक्य. थोड्या वेळानं पुन्हा तोच आवाज, "मावशी, ऐकतेस का?" त्यावरही ताईच. मग तो आवाज पुन्हा आलाच नाही.

तो आवाज बोकोबाचा होता. बोकोबा म्हणजे बंदरातला सगळ्यात म्हातारा होडीवाला. मिशा बोक्यासारख्या, म्हणून हे नाव. त्या दिवशी तो प्रवाहाबरोबर खडकांकडे वाहत गेला होता. योगायोगानं दुसऱ्या होडीनं बघितलं आणि बांधून आणलं. म्हाताऱ्याला खरचटलंही नाही. पण बघितलं नसतं तर?

ताईनं थर्मासचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग मला म्हणाली, "त्यांना सांग, उद्यापासून शिकवा म्हणावं."

आणि मग तिनं जे शिकायला घेतलं, ते बघून पाहुणीच घाबरली. ताई काहीही अर्धं करत नाही, रागही नाही आणि अभ्यासही नाही. चालता-बोलता ठरीव वाक्यं सुरू. मी जेवायला गेलो की, "स्वयंपाकघराकडून बैठकीला. जेवण तयार आहे. पोच द्या." भाऊजींनी पहिल्या दिवशी नुसतंच "आलो" म्हटलं, तर त्यांना ताट मिळेना. "पोच द्या," ताई पुन्हा म्हणाली, त्याच थंड आवाजात. "पोचलो की," भाऊजी रडकुंडीला येऊन म्हणाले. नंतर मला दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "अरे, ही आधी ओरडायची तेच बरं होतं. निदान घरात कुणीतरी आहे असं वाटायचं."

इकडे पाहुणी होडीवाल्यांनाही शिकवत होती. लिलावाच्या शेडमध्ये, माशांच्या रिकाम्या खोक्यांवर सगळे बसलेले. ती सांगत होती आणि मी भाषांतर करत होतो. "रडारला होडी दिसते, होडीतला माणूस दिसत नाही. समुद्रावरचे डोळे तुम्ही आहात. रोजच्यापेक्षा काहीही वेगळं दिसलं, वेगळं ऐकू आलं, तर संशय घ्या. थांबू नका. कळवा, आणि कळवता येत नसेल तर सरळ बंदरात या." माना डोलल्या. टकल्यानं विचारलं, "वेगळं म्हणजे किती वेगळं?" पाहुणी म्हणाली, "तुमच्या मनाला खटकलं की पुरे." हे वाक्य मी माझ्या तोंडानं, अगदी ठासून सांगितलं. पुढे काय वाढून ठेवलंय, याची मला काय कल्पना!

सरावाचा दिवस उजाडला. समुद्र तव्यासारखा सपाट. लांबवर चार देशांची जहाजं उभी. वरच्या मजल्यावर, रडारवाल्या नव्या खोलीत पांढऱ्याशुभ्र गणवेशातले पाहुणे अधिकारी दाटीवाटीनं उभे, आमचे साहेब घामाघूम. बेत सोपा होता. नवी गस्ती बोट चोरट्या बोटीचं सोंग घेऊन खाडीच्या तोंडाशी लपून बसणार. ताई सगळ्या होड्यांना सूचना देणार, कुठली तरी होडी तिला हेरून कळवणार, आणि दुसरी गस्ती बोट जाऊन पकडणार. होड्यांना एवढंच सांगितलं होतं की आज सराव आहे, नेहमीसारखी मासेमारी करा.

ताई इस्त्रीची साडी नेसून आली होती. तिनं बटण दाबलं. "किनारा केंद्राकडून होडी क्रमांक सतराला. आपली जागा कळवा." काय तो आवाज! गुळगुळीत, सपाट. पाहुणी खूश झाली.

सतरा क्रमांकाकडून काही उत्तर येईना. सतरा म्हणजे टकल्या. त्याला आपला क्रमांकच माहीत नव्हता. कुणालाच नव्हता. सगळे आपापल्या होडीच्या नाकावर वाकून रंगवलेला आकडा वाचत होते, असं मागाहून कळलं. वाकता वाकता एकजण पाण्यात पडला. पण त्यानं जॅकेट घातलं होतं, हे इथे नमूद करायला हवं.

हळूहळू उत्तरं येऊ लागली. बिचकत, दबक्या आवाजात. ताई प्रत्येकाला तेवढंच म्हणे, "समजलं. धन्यवाद."

हे धन्यवाद फार भोवलं. आयुष्यात तिनं बंदरातल्या कुणाला धन्यवाद म्हटलं नव्हतं.

होड्यांची आपसात बोलायची वेगळी वाहिनी आहे. त्यावर काय चाललं होतं ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. टकल्यानं मागाहून सगळं सांगितलं. पहिला म्हणाला, "मावशी रागावली नाही." दुसरा म्हणाला, "मलापण नाही. मी जॅकेट नाही घातलं असं मुद्दाम सांगितलं, तरी समजलं म्हणाली." तिसरा म्हणाला, "घरी काही बरंवाईट झालं असणार." मग टकल्याला शेडमधला धडा आठवला. रोजच्यापेक्षा वेगळं ऐकू आलं तर संशय घ्या. तो म्हणाला, "तिच्या मानेवर कुणीतरी सुरा धरलाय. चौकी ताब्यात गेली आपली." लगेच एकामागून एक होड्या वळल्या.

आमच्या खोलीत रडारच्या पडद्यावर ठिपके पसरलेले होते ते एकदम बंदराच्या दिशेनं सरकू लागले. एक परका अधिकारी म्हणाला, "हा सरावाचा भाग आहे का?" साहेब म्हणाले, "अर्थातच," आणि रुमाल काढून मान पुसली. ठिपके एकमेकांत मिसळून पडद्याची नुसती खिचडी झाली. त्यातच चोरट्याचं सोंग घेतलेल्या गस्ती बोटीचा कंटाळलेला आवाज आला, "साहेब, मला कुणी पकडणार आहे, की मी घरी जाऊ?"

खिडकीतून बघितलं तर सगळं बंदर होड्यांनी भरलेलं. धक्क्यावर उड्या मारून माणसं चौकीकडे धावत होती. कुणाच्या हातात वल्हं, कुणाच्या हातात मासे मारायची लाकडी मोगरी. टकल्या पुढे. जिना दणदणला, दार उघडलं आणि तो आत घुसला. समोर एवढे गणवेश बघून त्याची खात्रीच पटली. त्यानं सगळ्यात उंच अधिकाऱ्यावर वल्हं उगारलं आणि ओरडला, "सोड मावशीला!"

ते वल्हं मी धरलं. माझ्या आयुष्यातलं एवढंच शौर्य.

उलगडा झाल्यावर साहेबांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. चार देशांसमोर नाक कापलं, वर्षाची मेहनत मातीत घातली, आणि हे सगळं या बाईच्या लाडावलेल्या होड्यांमुळे! उद्यापासून भांडार. पाहुणीनं मला विचारलं की ही माणसं परत का आली. मी जसंच्या तसं सांगितलं. तिनं ऐकलं, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. डोळे पुसत साहेबांना म्हणाली, "मी सांगितलं तेच तर त्यांनी केलं. हा धडा मी तीन देशांत दिलाय. तिथे होड्या सरकारी रेडिओला उत्तरही देत नाहीत. जहाजं अजून इथेच आहेत. दुपारी पुन्हा घेऊ." पाहुण्यांपुढे साहेबांना नाही म्हणता येईना.

या गडबडीत दारातून बोकोबा आत आला होता. हातात काही नव्हतं, मिशा ओल्या. तो सरळ ताईपुढे येऊन उभा राहिला. "मावशी, बरी आहेस ना गं?"

ताईनं त्याच्याकडे बघितलं. इतके दिवस ती त्याला टाळत होती, हे मला ठाऊक होतं. "बोकोबा," ती म्हणाली, "त्या दिवशी इंजिन बंद पडलं तेव्हा तू मला दोनदा हाक मारलीस. मला ऐकू नाही आलं."

"ऐकू नाही आलं?" म्हातारा चकित झाला. "मला वाटलं, तू रागावलीस. आदल्या दिवशी जॅकेटवरून बोलली होतीस ना मला. मी उलटून बोललो होतो. म्हटलं, म्हणून ओ देत नाहीये."

"अरे, तू खडकाकडे चालला होतास! तिसऱ्यांदा का नाही हाक मारलीस?"

"तुझा राग जाऊ दे म्हटलं, मग मारू."

मी हे पाहुणीला सांगत होतो. शेवटचं वाक्य मला सांगता येईना. पाहुणीनं मान हलवली. तिला समजलं होतं. ताई टेबलाला धरून उभी होती आणि ढसाढसा रडत होती. इतक्या वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. बोकोबा गांगरून म्हणाला, "असू दे गं, आलो ना मी?"

ताईनं पदरानं तोंड पुसलं आणि बाहेरच्या गॅलरीत गेली. खाली सगळं बंदर वर बघत उभं होतं. तिनं माइक घेतला नाही. तिला कधी लागतो?

"गाढवांनो, ऐका!" ती ओरडली आणि खालचे चेहरे एकदम उजळले. "रेडिओवर आता मी असंच बोलणार. क्रमांकानं बोलणार, थोडकं बोलणार. रागावले म्हणून नाही. तुमच्यातलं कुणी हाक मारत असेल तर मला ऐकू यावं, म्हणून गप्प बसणार. कळलं?"

"कळलं, मावशी!"

"आणि मी ओ दिली नाही तर रुसून बसू नका. मी रागानं कधी कुणाला ओ द्यायची थांबणार नाही, मेले तरी नाही. ओ नाही आली म्हणजे ऐकू नाही आलं. पुन्हा हाक मारा. ओ येईपर्यंत मारत राहा. झापायचं असेल त्याला मी रोज सकाळी इथे धक्क्यावर येऊन झापेन, समोरासमोर."

टकल्यानं मागून विचारलं, "उद्यापासून का?"

"आत्तापासून! भर कामाच्या दिवशी जाळी कोरडी ठेवून इथे काय माझं तोंड बघायला जमलात? चला, निघा!"

सगळं बंदर हसलं. इंजिनं पुन्हा धडधडू लागली. बोकोबा सगळ्यांत शेवटी उतरला, आणि जिन्यावरच त्यानं जॅकेटचे बंद बांधायला घेतले.

दुपारी ताई पुन्हा खुर्चीत बसली. डोळे सुजलेले, साडी चुरगळलेली. अधिकारी पुन्हा मागे उभे राहिले, आता जरा अंतर राखून. तिनं बटण दाबलं. "किनारा केंद्राकडून सर्व होड्यांना. केंद्र ऐकत आहे." बटण सोडलं आणि ती गप्प बसली. पाहुणी खुर्चीच्या मागून तिच्याकडे बघत होती. बराच वेळ रेडिओवर नुसती खरखर होती. मग एक बारीक, म्हातारा आवाज आला. आपला क्रमांक चुकीचा सांगून तो म्हणाला, की खाडीच्या तोंडाशी एक अनोळखी बोट दिसते आहे.

"समजलं," ताई त्याच सपाट आवाजात म्हणाली. "धन्यवाद."

मी खिडकीतून बघत होतो. एकही होडी परत फिरली नाही.